खडकवाडीचे न शिजणारे वरण

दि. ९ फेब्रुवारी १९८६, रविवार, सकाळी साडेसहा. नांदेडच्या बसस्थानकावर मी वेळेवर पोहोचलो. विद्यार्थी पोहोचले नव्हते.

माझा संशय तेथून सुरू झाला असे कोणी म्हणेल. ते खरे नाही. संशय मी घरूनच बरोबर नेला होता. आमच्या महाविद्यालयाच्या व्यवस्थापन समितीचा मी सभासद आहे. त्यापूर्वी हयात महसूल खात्यात गेली. अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. माणूस जे सांगतो त्यापेक्षा जे सांगत नाही ते आधी ऐकावे, ही त्या नोकरीची शिकवण. अर्थशास्त्राचे तरुण प्राध्यापक सोनटक्के दरवर्षी मुले घेऊन एखाद्या खेड्यात राहतात. ‘लोकांत राहून शिकणे’ असे ते त्याला म्हणतात. पालक त्याला सहल म्हणतात. समितीने मला सांगितले, आठवडाभर जाऊन पाहा आणि हे चालू ठेवावे की बंद करावे ते कळवा. माझे मत तयार होते. केवळ नियम म्हणून मी निघालो.

सोनटक्के धावत आले. मागून मुले. एकाच्या हातात डफ होता.

“हा कशाला?” मी विचारले.

“कार्यक्रमासाठी, सर.”

डफ लक्षात ठेवला.

शिरूरची वाट

लोहा, अहमदपूर, चाकूर. चाकूरला गाडी बदलली. गोदावरी मागे पडली की जमीन चढत जाते आणि माणसाच्या बोलण्यातून पाणी कमी होत जाते. नांदेडात दुष्काळावर बोलतात. इकडे बोलत नाहीत. हुरड्याचे दिवस होते. एकाही शेतात आगटी पेटलेली दिसली नाही. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन तेथेच थांबली होती. काळ्या जमिनीला अशा भेगा की त्यात छत्री उभी राहावी. मी ती उभी करून पाहिली. राहिली.

शिरूर अनंतपाळला उतरलो. लातूर जिल्हा होऊन काही वर्षे झाली होती, पण दुकानांच्या पाट्यांवर अजून दोन्ही जिल्हे होते. वर ‘लातूर’ रंगवलेले आणि खालून ‘उस्मानाबाद’ डोकावत असलेले. रंग स्वस्त वापरला की असे होते. चहाच्या हॉटेलात बसलो. नांदेडला गिऱ्हाईक टेकले की पोरगा आधी पाण्याचे पेले आदळतो, मग काय हवे ते विचारतो. येथे चहा आला, पाणी आले नाही.

“पाणी?” मी म्हणालो.

हॉटेलवाल्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. कोट, चष्मा, छत्री. “चहातच हाय की, साहेब. येगळं कशाला?”

“जिल्हा झाला ना तुमचा?”

“झाला. बोर्ड आला. कलेक्टर आला. आता पाऊस तेवढा बदलीवर गेलाय, त्याची ऑर्डर निघायची हाय.”

मुले हसली. सर्वांत मोठ्याने हसला बालाजी. हा मुखेडकडचा, दुसऱ्या वर्षाला. डफ त्याचाच. बोलण्यासाठी त्याला कारण लागत नसे. त्याच्या शेजारी उज्ज्वला गायकवाड नावाची मुलगी होती, ती हसली नाही. ती हॉटेलाच्या मागील कोपऱ्याकडे पाहत होती. तेथे एक बाई पेले राखेने कोरडेच घासत होती.

सामान बैलगाडीत, आम्ही पायी. खडकवाडीला दिवस कलताना पोहोचलो.

गाव

सरपंच किसनराव वेशीत हार घेऊन उभे होते. दुष्काळात हार कोठून आला, हा माझा पहिला प्रश्न. तो कागदी फुलांचा होता. घरी नेऊन त्यांनी चहा दिला. पाण्याचा थेंब नाही, निव्वळ दुधाचा. मी ती श्रीमंती समजलो. नंतर कळले, गावात दूध थोडे होते, पण पाणी त्याहून थोडे होते.

“साहेब तहसीलीतून का?” किसनरावांनी विचारले.

“कॉलेजातून.”

“आसं का. न्हाई, तुम्ही मघा पोराला नाव इचारलं, मग बापाचं नाव इचारलं, मग गट नंबर इचारलात. म्हणून म्हटलं.”

मी त्यानंतर कोणाला गट नंबर विचारला नाही. पण उशीर झाला होता. संध्याकाळपर्यंत गावभर झाले की नांदेडच्या पोरांआडून तहसीलीचा माणूस विहिरी बघायला आला आहे. दुष्काळात त्याचा अर्थ एकच. ज्याच्या विहिरीत पाणी सापडेल त्याची विहीर सरकार ताब्यात घेते आणि तेथे टँकर लावते. असे हुकूम मी स्वतः लिहिलेले आहेत. ते कायद्याला धरून होते.

दुसऱ्या दिवशी मुले विहिरींची माहिती विचारत हिंडली. एकजात उत्तर: “कोरडी.” वेशीतली विहीर कोरडी. मारुतीमागची कोरडी. पाटलाच्या मळ्यातली कोरडी. बौद्ध वस्तीतला हातपंप तर डोळ्यांदेखत कोरडा होता. दांडा वरखाली होई आणि आतून घशाला कोरड पडल्यासारखा आवाज येई. एक दिवसाआड टँकर यायचा. त्याचे पाणी सडकेवरल्या बोअरचे, मचूळ, जिभेवर ठेवले की खडूसारखे.

“हे सगळे खोटे बोलतात,” मी सोनटक्क्यांना म्हणालो.

“शक्य आहे, सर.”

“मग तुमची माहिती गोळा करून उपयोग?”

“म्हणूनच उद्यापासून विचारणे बंद. ज्या घरी जेवतील त्या घरचे काम करतील. शेण काढतील, सरपण फोडतील, पाणी आणायला जातील. आपण विचारले की लोक उत्तर देतात, सर. शेजारी बसून काम केले की बोलतात.”

वाक्य घोटलेले होते. घोटलेल्या वाक्यावर मी विश्वास ठेवत नाही. पण व्यवस्था पाहिली, ती अशी. तीन-तीन विद्यार्थी एका घरी जोडलेले. सकाळचे जेवण त्या घरी. संध्याकाळचे रोज वेगळ्या आळीत, आणि त्यात बौद्ध वस्तीची पाळी इतरांइतकीच. हे सोनटक्क्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितले, तेव्हा किसनराव टोपी काढून पुन्हा घालत म्हणाले, “पोरं तुमची, पोटं तुमची.” त्याला मान्यता म्हणता येणार नाही, नकारही नाही.

उज्ज्वला, तिची एक मैत्रीण आणि बालाजी यांना घर मिळाले गोदामायचे. गोदामाय ही पाटलांच्या भावकीतली विधवा. मुले पुण्याकडे. घरात ती आणि एक देवणी गाय, पांढरी, कानापाशी काळी. माय दारातच उभी राहिली. “कुणाच्या ग तुम्ही?”

मैत्रिणीने आडनाव सांगितले. उज्ज्वलेने आडनाव सांगितले आणि न विचारता पुढे म्हणाली, “आम्ही बौद्ध आहोत.”

माय तिच्याकडे बघत राहिली. “आधीच सांगितलीस. बरं केलीस. ओसरीवर निजा दोघी. चुलीकडं यायचं न्हाई. आन् परसात तर कुणीच जायाचं न्हाई. गाय मारकी हाय.”

सोनटक्क्यांनी घर बदलून देऊ केले. उज्ज्वला नको म्हणाली. का नको, ते तिने सांगितले नाही. माझ्या मनात तिच्याविषयी शंका आली ती येथे. जेथे अपमान आहे तेथे माणूस स्वखुशीने राहिला तर त्याचा काही हेतू असतो.

झिरा

तिसऱ्या दिवशी मी वस्तीतल्या बायकांबरोबर घरणी नदीत गेलो. नदी म्हणजे वाळू. वाळूत माणूसभर खड्डा, त्याला इकडे झिरा म्हणतात. तळाला वाटीएवढे पाणी जमते. ते वाटीने हंड्यात भरायचे, मग पुन्हा जमण्याची वाट पाहायची. वरच्या अंगाला गावाचा झिरा, खालच्या अंगाला वस्तीचा. वाळू एक, पाणी एक, खड्डे दोन.

वस्तीच्या झिऱ्यात एक पोर बसली होती. दिवस भरत आलेले. नाव शोभा. काठावर तिची सासू वच्छलाबाई, तोंडाने फटकळ, पदर खोचलेला.

“तिला का बसवले?” मी विचारले.

“मग कुणाला बसवू? मपले गुडघे गेले, खाली उतरले की वर येत न्हाईत. नवरा तिचा रोजगार हमीवर. हिला चढायला येत न्हाई म्हणून सकाळी उतरवते आन् दुपारी वर काढते.” मग माझ्या छत्रीकडे पाहून म्हणाली, “साहेब, ती उघडा की तिच्यावर. का नुसती शोभेला आनलाव?”

मी छत्री उघडून धरली. खड्ड्यातून शोभा म्हणाली, “नको आजोबा, सावलीत पाणी दिसत न्हाई.” मी छत्री मिटली.

उज्ज्वला खाली उतरून वाटी घेऊन तिच्याजवळ बसली. दोघी काय बोलत होत्या ते वर ऐकू आले नाही. दुपारपर्यंत हंडा भरला. परतताना वच्छलाबाई म्हणाली, “पोटुशीला मचूळ पाणी सोसंना. ओकते. गोडं पाणी पायजेल म्हणून ही जत्रा. बाळंतीण व्हायची ती झिऱ्यातच व्हायची एखाद दिवशी.” ती हसली. बाकीच्या बायका हसल्या नाहीत.

वरण

आता वरणाविषयी. मी किसनरावांकडे जेवत होतो. ज्वारीची भाकरी उत्तम. इकडच्या भाकरीला नांदेडच्या भाकरीपेक्षा पापुद्रा चांगला येतो, हे मान्य करतो. येसराचे मसालापीठ घातलेली आमटी जिभेला झोंबणारी. परंतु तुरीचे वरण खाववत नसे. दाणा दाण्याला ओळख देत नव्हता; वर पाणी, खाली डाळ. माझे वरचे दात बसवलेले आहेत. मचूळ पाण्यात डाळ शिजत नाही, हे स्वयंपाक करणाऱ्या कोणासही ठाऊक असते. वस्तीत जेवलो, तेथेही तेच. सुताराकडे, वाण्याकडे, तेच. साऱ्या गावात एकच गोष्ट समान वाटली गेली होती, न शिजलेले वरण.

पाचव्या दिवशी गोदामायने निरोप धाडला, म्हाताऱ्याला जेवायला पाठवा. पाट ओसरीवरच. भाकरी, लसणाची चटणी, वरण. पहिल्या घासाला मी थांबलो.

वरण लोण्यासारखे होते.

मी मायकडे पाहिले. ती दुसरीकडे पाहत होती. मी पुन्हा वाढून घेतले, कारण न घेतले असते तर तिला कळले असते. हात धुण्याच्या निमित्ताने परसाच्या दाराशी गेलो. गाय बांधलेली होती. मी तिच्या कपाळावर हात ठेवला. तिने माझी बाही चाटली. इतकी गरीब गाय मी पाहिलेली नाही. मागे तुराट्यांचा ढीग होता, नीट रचलेला, आणि त्याच्या बुडाची माती ओलसर काळी.

तुराट्यांखाली आड होता. आड म्हणजे घरगुती अरुंद विहीर. दुसरे काही असूच शकत नव्हते.

संध्याकाळी उज्ज्वला शाळेच्या पायरीवर भेटली. मी सरळ विचारले. “तुम्हाला माहीत आहे?”

“काय, सर?”

“वरण.”

“तिसऱ्या दिवसापासून. झिऱ्यावरून आले, सकाळचे जेवण झाकून ठेवले होते. खाल्ले आणि कळले.”

“मग सांगितले का नाही?”

“कोणाला? तुम्हाला?” आवाज चढला नव्हता. “तुम्ही निलंग्याला तहसीलीत सांगाल. आड ताब्यात जाईल. टँकरचा पंप लागेल. एवढासा आड तो, सर. एका दिवसात तळ दिसेल. मग मायही कोरडी आणि वच्छलामावशीही कोरडी. बहात्तरच्या दुष्काळात हेच झाले होते. माय मला सांगत होती, कोणाच्या तरी आडाची गोष्ट म्हणून. त्या कोणाच्या तरी चार गायी मेल्या.”

“आणि शोभा झिऱ्यात बसते त्याचे काय?”

“मी रोज तिच्याबरोबर बसते.”

“हे उत्तर नाही.”

“नाही,” ती म्हणाली. “माहीत आहे मला. माय स्वतः सांगेल असे वाटते. काल तिने मला चुलीपाशी बोलावले. फुंकणी दिली हातात. बोलली काही नाही.”

मला हे पटले नाही. फुंकणीवर दिवस भरत आलेल्या पोटुशीचा जीव टांगायचा, ही कसली विद्या? दुसऱ्या दिवशी निलंग्याला जावे असे ठरवून मी पिशवी भरली. गाडी सकाळी नव्हती, दुपारी होती. त्याआधी कार्यक्रम होता. तो पाहून निघावे म्हणून थांबलो.

स्तुती

मारुतीच्या पारावर गाव जमले. वस्तीतली माणसे जरा अंतरावर, लिंबाखाली. मुलांनी डफावर गाणी म्हटली. नंतर सोनटक्क्यांनी प्रत्येक घराचे आभार मानायला एकेका विद्यार्थ्याला उभे केले. रीत चांगली. कोणी सुताराच्या पोरांची आठवण सांगितली, कोणी वाण्याच्या आजीच्या ओव्यांची. बालाजीची पाळी आली. त्याने डफावर थाप मारली.

“आमच्या गोदामायचं काय सांगू! गाय मारकी, माय त्याहून मारकी!”

लोक हसले. मायसुद्धा पदराआड हसली.

“पण मायच्या हाताला गुण हाय. आख्ख्या गावाचं वरण खाल्लं म्या, दात दुखून राहिलेत. पण गोदामायचं वरण! निस्तं लोणी! नांदेडात तसलं वरण न्हाई. टाळ्या!”

एकही टाळी वाजली नाही.

हा मुलगा मुखेडकडचा, खेड्यातला, शेतकऱ्याचा. पण घरी चुलीपाशी कधी बसलेला नाही. डाळ का शिजते आणि का शिजत नाही, हे त्याला कोणी विचारले नव्हते. पारावर बसलेल्या प्रत्येक बाईला मात्र ते विचारावे लागत नव्हते. मी बायकांच्या रांगेकडे पाहिले. माना एकामागून एक गोदामायकडे वळल्या. लिंबाखाली वच्छलाबाई उठून उभी राहिली होती.

“टाळ्या की,” बालाजी पुन्हा म्हणाला, हळू.

मी निलंग्याची गाडी जाऊ दिली.

आड

सकाळी गोदामायच्या दारात बायका होत्या. हंडे, कळशा, बिंदग्या. मागे किसनराव. त्याहून मागे वस्तीतल्या बायका, वच्छलाबाई पुढे, तिच्याजवळ शोभा. माय उंबऱ्यात, हाताची घडी. कोणी वर आवाज केला नव्हता. त्यामुळे मला अधिक भीती वाटली.

“आमच्या लेकरांनी गढूळ प्यायचं आन् तुझ्या गायीनं गोडं, व्हय ग काकू?” एक सून म्हणाली.

मायने ओसरीकडे हात केला. तेथे उज्ज्वला उभी होती. “हिनं केली ही आग. ओसरी दिली, फुंकणी दिली, आन् हिनं त्या पोराला शिकवून पाठवलं. वस्तीसाठीच घुसली होती घरात. मला कळाया पायजेल होतं.”

गावाला हे लगेच पटले. पटण्यासारखे होतेच. मलाही सुरुवातीला हेच वाटले होते. किसनराव म्हणाले, “सर, आजच्या आज पोरांना घेऊन निघा. आन् साहेब, तुम्ही तहसीलीला दोन ओळी लिहा. आड ताब्यात घेऊ द्या.”

सोनटक्के बोलू लागले. मी त्यांना थांबवले. मला भाषण येत नाही. मी म्हणालो:

“या मुलीला पाच दिवस माहीत होते. तिने मुलाला सांगितले नाही. सोनटक्क्यांना सांगितले नाही. मी विचारले तेव्हा कबूल केले, पण तहसीलीत जाऊ नका असेच म्हणाली. मी जाणार होतो. पिशवी भरलेली आहे, पाहा. मुलगा मूर्ख आहे. त्याला वरण आवडले एवढेच. आता तहसीलीचे. मी निवृत्त आहे. एक ओळ लिहिणार नाही.”

बालाजी भिंतीशी उभा होता. तो म्हणाला, “माय, खरंच. मला वाटलं डाळच चांगली हाय तुमची.”

कोणीतरी फिसकन हसले. माय हसली नाही. तिने उज्ज्वलेला विचारले, “पाच दिवस?”

“हो.”

“त्या शोभीला तरी सांगितलीस आसशील. रोज जातीस तिच्यासंगं.”

“नाही.”

माय शोभाकडे बघत राहिली. शोभा उज्ज्वलेकडे बघत होती, आणि ती नजर चांगली नव्हती. तो हिशेब त्या दोघींचा. मी त्यात पडत नाही.

माय वळली. परसात गेली. तुराट्या ओढू लागली. बालाजी धावला, मग बाकीची मुले. फळ्या निघाल्या, घरात ठेवलेला रहाट काढून वर बसवला. मी उज्ज्वलेकडून आरसा मागून घेतला आणि ऊन आत टाकले. आड पाहण्याची हीच रीत आहे. खोल तळाशी उजेड हलला. पाणी होते, कमरेइतके असेल. एका अंगाने झरा पाझरत होता. पंप लावला तर दुपारपर्यंत संपेल. हाताने बेताने शेंदले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा भरेल. मी हे सर्वांना मोठ्याने सांगितले. मुलीचा अंदाज बरोबर होता.

“पयली शोभी,” माय म्हणाली. “मग लेकुरवाळ्या. मग बाकीचे. वस्तीवाल्यांनी हंडे कडंला ठिवा, मी वरून ओतीन.”

“वरून ओतलेले पाणी आम्ही घेत नाही,” उज्ज्वला म्हणाली.

वच्छलाबाई कडाडली. “तू जा ग नांदेडला! आम्ही म्हंजी कोण? झिऱ्यात तू बसतीस का मपली सून? आधी पाच दिवस बोलली न्हाईस, आन् आता बोलायलीस!”

उज्ज्वलेचा चेहरा पांढरा पडला. पण वच्छलाबाईने हंडा पुढे ठेवला नाही. तो तिच्या कमरेवरच राहिला. बोलली एक, हात दुसरेच सांगत होता.

माय दोघींकडे पाहत राहिली. रहाटाचा दोर तिच्या हातात होता. एवढ्या हंड्यांचे पाणी तिच्या वयाच्या बाईकडून शेंदून होणारे नव्हते. हे तीही जाणत होती. शेवटी दोर तिने उज्ज्वलेपुढे धरला.

“पोटात गोष्ट ठिवलीस ना? आता हातात दोर ठेव. शेंद.”

उज्ज्वलेने दोर घेतला. पहिली कळशी शोभाच्या हंड्यात गेली. दुसरी, तिसरी. गावातल्या एका बाईने आपला हंडा उचलला आणि कोरडाच घेऊन निघून गेली. आणखी एक तिच्यामागे. बाकीच्या उभ्या राहिल्या. किसनराव कोणाकडे न पाहता टोपी काढून पुन्हा घालत होते.

थोड्या वेळाने उज्ज्वलेचे तळवे सोलले. मुले पुढे झाली. तिने दोर मुलांना दिला नाही. तिने तो वच्छलाबाईला दिला.

मी गोदामायकडे पाहिले. सर्वांनीच पाहिले. माय गायीच्या दावणीपाशी बसली होती. ती उठली, रहाटापर्यंत आली आणि म्हणाली, “वच्छला, दोर कडंला घासू नको. तुटंल.”

“मला शिकवू नको शेंदायला,” वच्छलाबाई म्हणाली आणि कळशी आत सोडली.

दुपारी परत गेलेल्या दोघींपैकी एक पुन्हा रांगेत होती. दुसरी आली नाही.

समितीला नंतर मी कळवले ते थोडके होते. शिबिर चालू ठेवावे. पुढील वर्षी याच गावी न्यावे. मुलांनी प्रश्न घेऊन नव्हे, हात घेऊन जावे. आणि जाण्यापूर्वी प्रत्येक मुलाला, मुलींना नव्हे, महिनाभर घरी डाळ शिजवायला लावावी. शेवटच्या सूचनेवर समितीत हसले. मी विनोद केलेला नव्हता.

किसनरावांविषयी मात्र माझी शंका जात नव्हती. इतक्या तावातावाने दुसऱ्याचा आड दाखवणाऱ्याकडे स्वतःचा एखादा असतो. त्याच संध्याकाळी मी त्यांच्याकडे जेवलो तेव्हा वरण मुद्दाम चावून पाहिले. डाळ कच्ची होती. तेवढ्यापुरता तो माणूस खरा निघाला.

त्याआधी, दिवस मावळण्यापूर्वी, वाद उठला, उद्यापासून पाळ्या कोण सांभाळणार. किसनराव म्हणाले, ग्रामपंचायत. वस्ती नको म्हणाली. वस्तीतले कोणी म्हणाले, सोनटक्के सर. गाव नको म्हणाले, ते मुलांच्या बाजूचे. मग गोदामाय माझ्याकडे वळली.

“तुम्ही बसा, म्हातारबा. तुमचा कुणावरच इस्वास न्हाई. त्यो बरा.”

मी आठवडा संपल्यावरही काही दिवस राहिलो ते यामुळे.

त्या संध्याकाळी बायका गेल्यावर मी आडाच्या तोंडावर फळ्या ओढल्या. तुराट्या त्यावर टाकल्या नाहीत. दोर भिजून जड झाला होता. तो रहाटावरून सोडवला आणि गायीच्या खुंट्यावर वाळत घातला.